आजचा शब्द, एक बटण

सोमवार, ४ फेब्रुवारी

काही फोडलं नाही, कोणाला उलट बोलले नाही, आणि तीन मीटर लेस मागणाऱ्या बाईंना तीनच मीटर दिली. दुकानातल्या पहिल्या दिवसाबद्दल एवढं तरी लिहून ठेवते. उद्याची खात्री नाही.

दुकान शिवणाच्या सामानाचं. दोरे, सुया, चेन, अस्तर, लेस आणि बटणं. बटणंच जास्त. एक अख्खी भिंत लहान लहान लाकडी खणांची आहे आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर आतलं एकेक बटण लावलंय, न उघडता कळावं म्हणून. मालकीण सत्तरीच्या आहेत, त्यांना सगळे 'बाई' म्हणतात. हिशेब त्यांचा मुलगा बघतो, तो 'धाकटे मालक'. थोरले मालक जाऊन बरीच वर्षं झाली, तरी हे धाकटेच राहिलेत. दाराजवळच्या मशीनवर बारीकसारीक शिवण करून देणाऱ्या त्या 'टाकेमावशी'. एवढीच माणसं.

माझं काम अर्धं काउंटरवर आणि अर्धं फोनवर. दुकानाचं एक चॅनेल आहे. रोज त्यावर मेसेज टाकायचा, जे चॅनेलला जोडलेले आहेत त्यांच्या फोनवर तो दिसतो. सध्या एकसष्ट सभासद आहेत. बाई म्हणाल्या, "त्यातले पन्नास आमचे नातेवाईक आणि बाकीचे चुकून आलेले." एप्रिल संपेपर्यंत हजार झाले तर नोकरी पक्की. "आणि नाही झाले तर..." बाईंनी वाक्य अर्धवट सोडलं. धाकट्या मालकांनी पुरं केलं, "तर हसतमुखाने निरोप घेऊ."

घरी बाबांनी विचारलं, काम नेमकं काय? मी सांगितलं, दुकानाचं चॅनेल आहे, त्यावर रोज दुकानाच्या बातम्या द्यायच्या. बाबांची नाक्यावर इस्त्रीची टपरी आहे. संध्याकाळी आई पाण्याची कळशी टेकवत म्हणाली, "समोरची विचारत होती, तुझी पोरगी कुठल्या चॅनेलवर दिसते आणि किती वाजता?"

मी कपाळाला हात लावला. बाबा म्हणाले, "मी काही वाढवून सांगितलं नाही हं. तू चॅनेलच म्हणालीस ना?"

आमच्या घरात कॉलेजपर्यंत गेलेली मी पहिली. आई चौथीपर्यंत शिकली, बाबांनी शाळा बाहेरूनच पाहिली. त्यामुळे माझी नोकरी एकट्या माझी नाही. नाक्यावर कपडे टाकणाऱ्या सगळ्यांची त्यात थोडी थोडी भागीदारी आहे. ती गेली तर बाबांना किती जणांना सांगावं लागेल, याचा विचार मी आज तरी करणार नाही. (केला.)

शनिवार, ९ फेब्रुवारी

सहा दिवसांत दोन सभासद वाढले, एक गेला. जो गेला त्याने सुईत दोरा ओवण्याच्या युक्तीवरचा माझा मेसेज वाचला होता का, हे कळायला मार्ग नाही.

मेसेज सकाळी आठला जातो. त्याआधी चहा घेताना तो मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवते. चूक राहिली तर काय, ही भीती मला असते. डोळ्यांना न दिसणारी चूक कानाला कळते. बाबा डोळे मिटून ऐकतात आणि शेवटी "झकास" म्हणतात. दरवेळी झकासच म्हणतात, त्यामुळे तसा उपयोग नाही. पण वाचल्याशिवाय पाठवायला धीर होत नाही.

मैत्रिणींना जोडून घेतलं तर वीस-पंचवीस सहज होतील. पण त्यांना बटणं नकोत. ज्याला नको आहे त्यालाही मोजायचं म्हणजे खोटंच मोजायचं.

धाकट्या मालकांनी सुचवलं, "लिही, जो जोडेल त्याला सोडतीत शिलाई मशीन."

"मशीन कुठे आहे?"

"सोडत काढायची कोणी म्हटलंय?"

त्यांना माझं तोंड दिसलं असावं, कारण नंतर ते स्वतःच म्हणाले, "बरं, राहू दे. गंमत केली." गंमत होती का ते माहीत नाही.

बुधवार, १३ फेब्रुवारी

बाईंनी आज भिंतीचा सगळ्यात खालचा खण उघडून दाखवला. त्यात सुटी बटणं आहेत. डझनातली उरलेली, ज्यांच्या जोडीची संपली अशी, कोणाच्या तरी कोटाची, कोणाच्या बाळाच्या झबल्याची. खण म्हणता येणार नाही, पेटाराच आहे. मी हात घातला तर कोपरापर्यंत गेला. बाई म्हणाल्या, "यातलं एक विकलं जात नाही आणि एक टाकवत नाही."

तिथेच मला सुचलं. शर्टाचं एकच बटण तुटतं. सहाचं पाकीट कोण घेणार? लोक तसाच शर्ट घालतात किंवा घालायचा सोडतात. सभासदांपैकी कोणी असा कपडा आणला तर या पेटाऱ्यातून जुळणारं बटण शोधून द्यायचं आणि टाकेमावशींनी ते लावून द्यायचं. फुकट. फक्त सभासदांना.

बाईंना आवडलं. मावशी म्हणाल्या, "मला काय, मी नाहीतरी बसून बसून मुंग्या मोजते."

धाकटे मालक म्हणाले, "सभासद आहे हे कळणार कसं? फोन दाखवायला लावायचा."

दुसऱ्याच्या फोनमध्ये डोकावणं मला बरं वाटेना. फोनमध्ये माणसाचं काय काय असतं. मी म्हटलं, आपण रोज सकाळी चॅनेलवर एक शब्द देऊ. काउंटरवर येऊन जो तो शब्द सांगेल तो सभासद. शब्द दुसरीकडे कुठेच लिहायचा नाही.

"आणि त्याने शेजाऱ्याला सांगितला तर?"

"कशाला सांगेल?" मी म्हटलं. धाकट्या मालकांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि ते पुन्हा हिशेबात शिरले.

सोमवार, १८ फेब्रुवारी

पहिला शब्द 'कंदील'. मी शब्दकोश घेऊन बसले होते. फार सोपा नको, कोणी अंदाजाने सांगेल. फार अवघड नको, सांगताना लाज वाटेल. सकाळी बाबांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "आज शब्दही आहे? रोज असणार?" मी म्हटलं, रोज. त्यांनी चहा अर्धा ठेवून पुन्हा विचारलं, "कंदील, नाही का?"

सात जण आले! पहिल्या बाईंनी काउंटरवर वाकून, आजूबाजूला बघत, कानात सांगितल्यासारखं "कंदील" म्हटलं. मावशींनी त्यांच्या झग्याला निळं बटण लावून दिलं. बाकीच्या बटणांहून जरासं गडद होतं. मी ते दाखवून दिलं, नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. त्या म्हणाल्या, "अगं, माझ्या पोटावरची बटणं कोण निरखून बघणार आहे?"

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "ती हिरव्या फाटकाच्या घरातली आली होती का, झगा घेऊन?" मी हो म्हटलं. सकाळी बोलण्याच्या ओघात मी काहीतरी सांगितलं असणार. हल्ली मला काय बोलले ते आठवत नाही, इतका ताण आहे.

शनिवार, २३ फेब्रुवारी

आजचा शब्द 'चिमटा'. बाबांनी नाक मुरडलं. "हा काय शब्द झाला? हा तर मलाही येतो."

त्यांचं बरोबर आहे. इतका सोपा शब्द कोणीही अंदाजाने सांगेल. उद्यापासून जपून निवडायचे.

काल आईने मला बाजारातून येताना गुणगुणताना पकडलं. "दुकानात बरं चाललंय वाटतं," म्हणाली. मी म्हटलं, बघू. असं बोलून दाखवलं की बिघडतं.

मंगळवार, ५ मार्च

दुकानाबाहेर बाक ठेवावं लागलं. दुपारी एरवी जिथे मावशी पेंगायच्या तिथे आता माणसं बसलेली असतात, मांडीवर घडी केलेला शर्ट. बटणासाठी आलेल्यांतले निम्मे जाताना दोरा किंवा चेन घेतात. एका आजोबांनी पांढऱ्या शर्टाला मुद्दाम तपकिरी बटण लावून घेतलं आणि बायकोला खिजवायला घेऊन गेले.

आपले सभासद म्हणजे फार नीटनेटकी माणसं. बटण लावायला आणायचा शर्टसुद्धा कडक इस्त्री करून आणतात. आणि वाचनही दांडगं दिसतं. आजचा शब्द 'गलबत' होता. एक रिक्षावाले आले, छाती पुढे काढून म्हणाले, "गलबत. म्हणजे शिडाचं जहाज." मेसेजमध्ये मी अर्थ दिलाच नव्हता. सकाळी बाबांनी विचारला म्हणून फक्त त्यांना सांगितला होता.

एकच गोष्ट खटकते. आज तीसच्या वर लोक शब्द सांगून गेले. चॅनेलवर सभासद आहेत एकशे चार. कालही एकशे चारच होते. म्हणजे आपल्या सभासदांपैकी जवळजवळ एकतृतीयांश लोकांची एकाच दिवशी बटणं तुटली. असं होऊ शकतं का? होत असेल. कपड्यांच्या बाबतीत मी कधी आकडेमोड केली नव्हती.

शनिवार, ९ मार्च

धाकट्या मालकांनी आकडेमोड केली.

"दुकान भरलंय, चॅनेल रिकामं आहे," ते म्हणाले. "कोणीतरी शब्द बाहेर सोडतंय. फुकट बटण सभासदांसाठी होतं, आता सगळ्या वस्तीसाठी झालंय. मग सभासद कोण होईल? कोण ते शोध, नाहीतर हे बंद कर. एप्रिल काही थांबणार नाही."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे बोलले.

मी आधी स्वतःवर संशय घेतला. शब्द मी फळ्यावर लिहून ठेवते का? नाही. बसमध्ये मोठ्याने बोलते का? नाही. मग मावशींवर संशय घेतला आणि त्याची इतकी लाज वाटली की त्यांना माझ्या डब्यातली अर्धी भाजी दिली. त्या म्हणाल्या, "आज काय माझा वाढदिवस आहे?"

सोमवार, ११ मार्च

एक प्रयोग केला. शब्द सकाळी टाकलाच नाही. दुपारी बारा वाजता दुकानातूनच टाकला, 'उंबरठा'. घरी काही बोलले नाही, बोलायला काही नव्हतंच.

दिवसभरात चार जण आले. चौघांचेही कपडे चुरगळलेले.

निष्कर्ष: दुपारची वेळ चांगली नाही. लोक सकाळीच फोन बघतात.

घरी बाबा भाकरी नुसती कुस्करत होते. जेवताना म्हणाले, "आज शब्द नव्हता?" मी म्हटलं, होता, दुपारी दिला. "अस्सं," एवढंच म्हणाले आणि हात धुवायला उठले. टपरीवर कोणाशी वाजलं असावं.

गुरुवार, १४ मार्च

नीट लिहिते, म्हणजे मलाच नीट कळेल.

बाईंनी मला ठोक दुकानातून अस्तराचे नमुने आणायला पाठवलं. परत येताना नाक्यावरून आले. टपरीच्या मागच्या बाजूने, कारण तिथे सावली असते. बाबांचा आवाज आला म्हणून थांबले.

"हे बघा साहेब, कॉलरच्या खालचं गेलंय. इस्त्रीखाली मला लगेच लागतं हाताला. माझ्या लेकीच्या दुकानात जा. बटणवाल्या बाईंचं दुकान. तिथे जाऊन म्हणायचं 'कवडसा'. लावून मिळेल, पैसे नाहीत."

"कवडसा कशाला म्हणायचं?"

"आजचा शब्द आहे. कवडसा म्हणजे फटीतून आत येतं ना, ते ऊन. हे बघा, तुमच्या बुटावर पडलंय तेच. माझी लेक रोज एक शब्द शिकवते. सगळ्या लोकांना. तो शिकून आलात हे तिला सांगायचं, की ती खूश होऊन बटण लावून देते."

साहेबांनी दोनदा म्हणून पाहिलं. बाबांनी त्यांचा उच्चार एकदा सुधारलासुद्धा.

मग बाबा एकटेच राहिले. इस्त्री फिरवताना ते पुटपुटत होते. आधी वाटलं गाणं आहे. गाणं नव्हतं. "कंदील. पायरी. खारूताई. चिमटा. सावली. गलबत..." पहिल्यापासूनचे सगळे, क्रमाने. 'उंबरठा' तेवढा नव्हता.

मी नमुने घेऊन दुकानात गेले. साहेब माझ्या आधीच पोहोचले होते. "कवडसा," ते म्हणाले. मी बटण शोधून दिलं.

शुक्रवार, १५ मार्च

सकाळी 'मोहोर' वाचून दाखवला. बाबा म्हणाले, "झकास." मी कप उचलून आत गेले. आईला सांगितलं. आई भांडी विसळत म्हणाली, "मग सांग की त्यांना, नका सांगू म्हणून. त्यात काय?"

"त्यांना वाईट वाटेल."

"आणि नोकरी गेल्यावर काय, बरं वाटेल?"

हे तिला इतकं सोपं कसं दिसतं? बाबांना न सांगता शब्द वाचणं बंद करावं, तर सोमवारसारखं होईल. सांगावं, तर त्यांना वाटेल आपल्यामुळे पोरीचं नुकसान झालं. काहीच न करावं, तर मी बाईंच्या दुकानातली बटणं माझ्या घरातून वाटते आहे. कशीही वळले तरी कोणाच्या तरी पायावर पाय पडतो.

शनिवार, १६ मार्च

सांगितलं. शब्द वाचायच्या आधीच सांगितलं, कारण नंतर सांगणं म्हणजे त्यांच्या हातात देऊन काढून घेणं झालं असतं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे तो शब्द लपवायचा होता?"

"लपवायचा नाही. ज्यांनी चॅनेल जोडलंय त्यांनाच द्यायचा होता."

"सांगायचा नाही असा शब्द कशाला काढतात?" ते रागाने म्हणाले नाहीत. त्यांना खरंच विचारायचं होतं. मग ते म्हणाले, "बरं. आजपासून तोंडाला कुलूप." त्यांनी चप्पल घातली, आणि दारातून वळून, "तुझ्या बाईंना सांग, माझं चुकलं."

मी शब्द वाचून दाखवला नाही. त्यांनी विचारला नाही.

सोमवार, १८ मार्च

बाक रिकामं. दिवसभरात तिघं. मावशी तिसऱ्यांदा मशीन पुसत होत्या. "काय गं, आता टाके हवेत घालू का?"

मग मी बाईंसमोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. धाकटे मालकही ऐकत होते. बाबांचा निरोपही सांगितला. माझा आवाज मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा येत होता. शेवटी म्हटलं, एप्रिलची वाट बघायची गरज नसेल तर मी उद्यापासून येत नाही.

बाईंनी विचारलं, "एवढी माणसं आली, त्यांना चॅनेल जोडा असं तू सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"मला वाटलं ते आहेतच सभासद. शब्द माहीत होता ना त्यांना."

"एकालाही विचारलं नाहीस?"

"सभासदालाच सभासद आहात का विचारणं बरं दिसलं नसतं."

बाई हसायला लागल्या. खोकला येईपर्यंत हसल्या, मावशींनी पाणी दिलं. "अरे, माणसं दारात येऊन बसत होती," त्या धाकट्या मालकांना म्हणाल्या, "बटण लागेपर्यंत भिंतीकडे बघत होती, आणि ही त्यांना दुकानातून नमस्कार करून घरी पाठवत होती!"

मला रडू येत होतं आणि हसूही. दोन्ही आवरलं, त्यामुळे बहुतेक उचकी लागली.

धाकटे मालक थोडा वेळ पेन वाजवत राहिले. मग त्यांनीच काढलं: पहिलं बटण, शब्द कुठूनही कळला असला तरी लावून द्यायचं. टाके घालून होईपर्यंत मी त्या माणसाला चॅनेल दाखवायचं. दुसऱ्या बटणापासून मात्र सभासद व्हायला हवं. "पहिला शब्द इस्त्रीवाल्यांचा," ते म्हणाले, "दुसरा स्वतःचा." आणि मला, "उद्या येतेस ना? न येण्याचं काय ते एप्रिलमध्ये बघू."

घरी येऊन बाबांना सांगितलं, कुलूप काढा.

"बाई काही म्हणाल्या?"

"हसल्या."

"माझ्यावर?"

"माझ्यावर."

बाबांचा जीव भांड्यात पडला. लेकीवर हसले तर चालतं, असं दिसतंय.

शनिवार, ६ एप्रिल

पाचशे बावीस.

विचारणं अजून अवघडच जातं. पहिले दोन दिवस मी "तुम्हाला त्रास नसेल तर, आणि नको असेल तर अजिबात नको" असं सुरू करायची. मावशी ओरडल्या, "अगं, बटण लावतोय आपण, दात नाही काढत!" आता सरळ विचारते. बहुतेक लोक म्हणतात, "हो, जोडा की. आम्हाला कोणी विचारलंच नाही."

काही जण फोन माझ्या हातात देतात, तुम्हीच करा म्हणून. मी बोटाने तेवढंच दाबते आणि दुसरीकडे बघते.

सभासद आता स्वतःच फोटो पाठवतात, "याची जोड आहे का?" बाई संध्याकाळी चष्मा लावून पेटाऱ्याजवळ बसतात आणि शोधतात. काल एक शिंपल्याचं बटण सापडलं तेव्हा त्यांनी ते बराच वेळ हातात धरलं. म्हणाल्या, यांचा शर्ट होता असा. मग पाकिटात घालून दिलं.

दुकानात आज एक नवी खुर्ची आली. पाठ टेकायची, फिरणारी. माझ्या काउंटरच्या स्टुलाशेजारी ठेवलीय. मावशींची कंबर दुखते, त्यांच्यासाठी असावी. त्या अजून बसत का नाहीत कळत नाही. मी रोज ती पुसून ठेवते.

मंगळवार, ३० एप्रिल

हजार झाले नाहीत.

फोनवर आकडा होता नऊशे पंचावन्न. मी काल बसून यादी चाळली, कारण शेवटचा हिशेब तरी खरा द्यायचा होता. त्यात 'दुकान', 'गोदाम' आणि 'जुना नंबर' अशी तीन नावं सापडली. तिन्ही धाकट्या मालकांची. मार्चमध्येच जोडलेली, ज्या आठवड्यात ते मला एप्रिल थांबणार नाही म्हणाले होते त्याच.

मी बाईंना सांगितलं, "नऊशे बावन्न. तीन वजा केलेत, ते एकाच माणसाचे आहेत."

"कोणाचे?"

मी धाकट्या मालकांकडे बघितलं नाही, पण न बघितल्यामुळेच कळलं. त्यांचे कान लाल झाले. "चालतं का ते तपासत होतो," ते म्हणाले.

"तीन-तीन फोनवरून?" बाई म्हणाल्या. "वजा कर गं. आणि अठ्ठेचाळीस कमी पडले म्हणून तू आता काय करणार आहेस?"

"निरोप घेणार. हसतमुखाने." हे वाक्य मी पाठ करून आले होते. हसतमुखाचा भाग जमला नाही.

बाईंनी हजाराचा आकडा कोणी काढला होता ते मुलाला विचारलं. तो म्हणाला, मीच, गोल दिसतो म्हणून. मग त्या मला म्हणाल्या, "ती खुर्ची तीन आठवडे झाले कोणासाठी आणून ठेवलीय?"

"मावशींसाठी."

"माझ्यासाठी?" मावशी मशीनवरून म्हणाल्या. "मी या स्टुलावरून उठले तर माझी कंबरच मला विचारेल, कुठे निघालीस. बस गं बाई त्याच्यात एकदाची. रोज नुसती पुसतेस, मला वाटलं नवस बोललीयस."

बसले. खुर्ची फिरली आणि माझं तोंड भिंतीकडे झालं. तेच बरं झालं. क्षणभर कोणाला दिसायला नको होतं.

धाकट्या मालकांनी नोकरी पक्की झाल्याच्या कागदावर सही करून दिली. मी तो दोनदा वाचला, तारखेसकट. चूक नव्हती.

घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मग मी काय वेगळं सांगत होते?" तिने वेगळं काही सांगितलं होतं असं मला आठवत नाही, पण आज तिला सगळं माफ. बाबांनी बनियनच्या टोकाने डोळे पुसले आणि इस्त्रीचा धूर फार होतो म्हणाले. घरात इस्त्री नव्हती.

जेवण झाल्यावर म्हणाले, "शब्द चालू राहणार ना?"

"राहणार."

"उद्याचा कुठला?"

मी शब्दकोश उघडला आणि मिटला. म्हटलं, "उद्याचा तुम्ही सांगा."

"मी?" ते हसले. मग हसेनासे झाले. उठून पाणी प्यायले. 'आरसा' म्हणाले आणि नको म्हणाले. 'नदी' म्हणाले, पण नदी सगळ्यांना येते. दारात जाऊन उभे राहिले, रस्त्यावरून जाणाऱ्याचा शर्ट वरपासून खालपर्यंत बघितला, परत आले. आई म्हणाली, "अहो, एक शब्द सांगायचाय, नातवाचं नाव नाही ठेवायचं." त्यांनी तिला हातानेच गप्प केलं.

शेवटी माझ्यासमोर बसले, पाठ ताठ करून, परीक्षेला बसल्यासारखे.

"सुरकुती," ते म्हणाले. "चालेल? तशी ती कोणाला आवडत नाही. पण आपलं घर तिच्यावर चाललंय. तू शिकलीस तीही तिच्यावरच."

मी लिहून घेतला. दुकानाच्या चॅनेलवर घरच्या माणसाने सांगितलेला शब्द टाकणं बरोबर आहे का, ते बाईंना आधी विचारायला हवं.

नाही विचारत. आठ वाजता टाकते.